मानबोकची सुनावणी

दालसनच्या बाजारपेठेत प्यो मानबोकला ओळखत नाही असा माणूस सापडला नसता, आणि त्या वर्षीच्या वसंतात त्याला ओळख देणारा माणूसही सापडला नसता. तीस गावांची ढोलपथकं त्याच्या हातचे जिंग वाजवत. जिंग म्हणजे काशाचा परातीएवढा थाळा, दोरीला धरून लोंबता ठेवायचा आणि चिंध्या गुंडाळलेल्या दांडक्याने ठोकायचा. मानबोकचा थाळा वाजला की आवाज शेतं ओलांडून पलीकडच्या गावाला ऐकू जाई. पेरणी असो, सुगी असो, माणसं त्याच्या भट्टीच्या दारात आठ-आठ दिवस ताटकळत बसत. आता तीच माणसं त्याच्या दारावरून जाताना आभाळातली पाखरं मोजत जात.

कारण त्याच्या मुलाला, कीदोंगला, फाशीची शिक्षा झाली होती.

कीदोंग सव्वीस वर्षांचा, भट्टीवरचा पहिला घणकरी. घणापुढे थंड आणि माणसांपुढे तापट. आदल्या पावसाळ्यानंतर नव्या जपानी सरकारचे मोजणीदार आले आणि त्यांनी मानबोकच्या आजोबांच्या थडग्याच्या टेकडीवर लाल डोक्याची खुंटी ठोकली, म्हणजे टेकडी सरकारजमा. कीदोंगने ती उपटून ओढ्यात भिरकावली आणि भर बाजारात मोजणीदारांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिथेच त्याने आपला हात दगडाखाली दिला. आठ दिवसांनी पहाटे मोजणीची कचेरी जळाली, आत झोपलेला पहारेकरी होरपळून मेला, आणि पोलीस सरळ भट्टीवर आले. दुसऱ्या कुणाचं दार त्यांनी ठोठावलंही नाही.

त्या रात्री कीदोंग घरात होता. मानबोकच्या त्याच आजोबांचं वार्षिक श्राद्ध होतं. मध्यरात्री पाट मांडला, कीदोंगने पेल्यात मद्य ओतलं, दोनदा माथा टेकला, आणि कोंबडा आरवेपर्यंत बापलेक नैवेद्याचं खात, आजोबांच्या गोष्टी काढत बसले. सकाळी कीदोंगच्या आईने रिवाजाप्रमाणे सहा घरी प्रसादाची ताटं पोचवली, नासपती, वाळवलेला मासा, भाताच्या वड्या. म्हणजे प्यो यांच्या घरी रात्रभर श्राद्ध चाललं होतं हे सहा घरांना ठाऊक होतं. पोलीस विचारायला आले तेव्हा सहाही घरांनी कानावर हात ठेवले. आईबापाची साक्ष कोर्टाने घेतलीच नाही. मानबोक तीनदा कोर्टाच्या पायरीवर जाऊन उभा राहिला, आणि तीनही वेळा त्याला दाराबाहेरूनच वाटेला लावलं.

त्याला फार काही सांगायचं नव्हतं. एवढंच, की पोरगा त्या रात्री माझ्याजवळ होता. हे एक वाक्य पोटात घेऊन तो आठ महिने फिरत होता आणि ऐकायला कुणी तयार नव्हतं. अशाने माणूस वेडा होत नसेल तर कशाने होतो, मला माहीत नाही.

अर्ज लिहायचं काम कू मास्तरांचं. पूर्वी ते गावच्या शाळेत चिनी अक्षरं शिकवत. नव्या सरकारने शाळा बंद केली तेव्हा त्यांनी बाजारात लेखनिकाची पाटी लावली. मानबोकचे तीन अर्ज त्यांनी लिहिले होते. एकाचंही उत्तर आलं नव्हतं.

"चौथा लिहू का?" मास्तरांनी विचारलं. "शाई माझी वाया जाईल, आशा तुझी."

"कुणाकडं जातात हे अर्ज?"

"जातात ते रद्दीत. आता खरं सांगायचं तर एकच दार उरलंय. फाशीच्या कागदावर खुद्द गव्हर्नरचं फर्मान लागतं. ते आलं की..." मास्तर थांबले.

"आणि गव्हर्नर इथं येणार म्हणतात."

"बाविसाव्या तारखेला. नवीन स्टेशन बघायला. तुझी कैफियत ऐकायला नव्हे."

मानबोक मास्तरांजवळ सरकून बसला. मग म्हणाला, "मास्तर, माझ्या आजोबांनी राजाच्या वाटेवर थाळा वाजवला होता."

मास्तरांनी लेखणी खाली ठेवली. ती गोष्ट त्यांना माहीत होती, सगळ्या दालसनला माहीत होती. राजाच्या राज्यात ज्याचं कुठेच कुणी ऐकत नसे, त्याने राजाची स्वारी निघाली की वाटेत बसून थाळा वाजवायचा. आधी शिपाई धरून नेत आणि मारत. राजाची वाट अडवली त्याची ती शिक्षा. मार खाऊन झाला की कारकून समोर बसे, तोंडी सांगितलेलं लिहून घेई, आणि तीन दिवसांत ते राजासमोर वाचलं जाई. आजोबा असेच राजधानीला चालत गेले, दहा दंडुके खाल्ले, आणि खोट्या आळावरून बेटावर धाडलेला भाऊ परत घेऊन आले. जन्मभर लंगडले, पण लंगडताना त्यांची मान ताठ असायची.

"ते राजाच्या वेळचं झालं," मास्तर म्हणाले. "हे राजे नाहीत."

"राजाच्या खुर्चीत बसलेत ना? मग खुर्चीची रीत पाळायला नको?"

"अरे बाबा, खुर्ची तेवढी त्यांनी उचलली. रीत इथंच टाकली."

मास्तरांचं ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण दोन दिवसांनी पोलिसांनी दवंडी पिटली, की स्टेशनपासून कचेरीपर्यंतच्या रस्त्यावर घरटी दोन टोपल्या ताजी पिवळी माती पसरायची. मानबोक टोपली घेऊन रस्त्यावर उभा राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. राजाची स्वारी निघायची तेव्हाही अशीच पिवळी माती पसरत. म्हणजे रीत होती तशीच होती, पालखीतला माणूस फक्त बदलला होता. धूळ उडू नये म्हणून कुठल्याशा फौजदाराने दिलेला हुकूम या भल्या माणसाने निरोपासारखा छातीशी धरला.

कीदोंगला नेल्यापासून भट्टी थंड होती. बाकीचे घणकरी भीतीने फिरकत नव्हते. बापलेकांनी घडवलेला शेवटचा जिंग कोपऱ्यात पडून होता, आकाराने पुरा, आवाजाने अपुरा. थाळ्याचा आवाज शेवटी थंड काशावर हलक्या हातोडीने बसवावा लागतो, आणि ते काम उस्तादाने एकट्याने करायचं असतं. आमच्याकडे त्याला थाळ्याचं रडणं धरणं म्हणतात. एक ठोका जास्त पडला की थाळा जन्माचा बोबडा. मानबोक सकाळभर कान लावून बसला. ठोकायचा, ऐकायचा, पुन्हा ठोकायचा.

"धरून मारणारच आहेत," कीदोंगची आई दारातून म्हणाली, "तर बेसूर थाळ्यानं काय बिघडणार होतं?"

"गव्हर्नरच्या कानात जायचंय. सुरात नको?"

"आणि हा स्वच्छ झगा कुणासाठी? रक्ताचे डाग काढायला मी आहेच, असंच ना?"

"तू डाग काढ, मी पोरगा काढतो."

ती हसली नाही. पण झग्याला खळ घालून, ठोकून-ठोकून तिने तो असा कडक केला की नवरदेवालाही लाजवेल.

बाविसाव्या तारखेला सकाळी दहाच्या सुमाराला गाडी आली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शाळेची पोरं झेंडे धरून उभी, मागे दुकानदार, त्यांच्या मागे आपण. पुढे घोडेस्वार, मग काळी मोटार, काचा वर केलेल्या. मानबोक तांदळाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर उभा होता, थाळा झग्याखाली. घोडे पुढे गेले आणि तो दोन्ही गुडघ्यांवर पिवळ्या मातीत उतरला. थाळा वर धरला. तीनदा वाजवला.

असा जिंग त्याने आयुष्यात घडवला नव्हता. पहिला ठोका स्टेशनावर आपटून परत आला, दुसरा त्याच्यात मिसळला, तिसऱ्याला पोरांच्या हातातले झेंडे खाली आले. मागचा घोडा उधळला. कुणीतरी "बॉम्ब" म्हणून ओरडलं आणि रस्ता क्षणात रिकामा झाला. मोटार थांबली नाही, उलट वेग वाढवून निघून गेली. काचेआड कुणी मान वळवली का, हे मानबोकला दिसलं नाही, कारण तोवर त्याच्या पाठीवर तीन माणसं बसली होती. तोंड मातीत दाबलेलं असतानाही तो खूश होता. धरलं, म्हणजे पहिली पायरी झाली.

ठाण्यात फौजदारासमोर त्याला उभं केलं. फौजदार जपानी, मधे दुभाषा म्हणून यांग शिपाई. यांग म्हणजे आमच्याच आळीतल्या टोफूवालीचा मुलगा. लहानपणी मानबोकच्याच भट्टीत थाळे पुसायला यायचा.

"तुला कुणी पाठवलं, विचारतायत," यांग म्हणाला.

"माझ्या आजोबांनी."

"काका, चेष्टा नको. थाळ्यात काय लपवलं होतं?"

"आवाज होता. वाजवून टाकला. यांग, त्यांना सांग, माझा कीदोंग त्या रात्री..."

फौजदाराने टेबलावर हात आपटला. विचारलं तेवढंच बोलायचं. त्याने वय विचारलं.

यांगने फौजदाराकडे पाठ होईल इतकं वळून, ओठ न हलवता म्हटलं, "एकसष्ट सांगतो. गप्प उभे राहा. साठीच्या वरच्याला फटके मारत नाहीत, कायदाच आहे तसा. चार दिवस कोठडीत बसाल आणि घरी जाल."

"मारत नाहीत?"

"नाही मारत. हूं म्हणा फक्त."

मारलं नाही तर मग कारकून कुठून येणार? कैफियत कोण लिहून घेणार? आजोबांना एकही दंडुका माफ झाला नव्हता, म्हणून तर भाऊ सुटला. यांग फौजदाराकडे वळून तोंड उघडतो न उघडतो तोच मानबोकने दोन्ही हात वर केले. आधी एका हाताची पाच बोटं दाखवली. मग दोन्ही हातांची मिळून आठ. मग पुन्हा पाच, पुन्हा आठ. फौजदाराला भाषा येत नव्हती, बोटं मोजता येत होती. त्याने कागदावर अठ्ठावन्न लिहिलं.

"काय केलंत काका," यांग पुटपुटला. "स्वतःच्या हातानं काय करून घेतलंत हे."

नव्वद फटके. दिवसाला तीसच मारायची परवानगी, म्हणून तीन दिवस. तीन दिवस हे ऐकून मानबोकने मान डोलावली. आकडाही जुळत होता.

मागच्या आवारात एक फळी होती, तिच्यावर पालथं पाडून हातपाय बांधत. पहिल्या दिवशीचे तीस त्याने दात आवळून घेतले. यांग मोजत होता. सोडल्यावर मानबोक हातांवर रेलून उठला आणि म्हणाला, "बोलाव."

"कुणाला?"

"लिहून घेणाऱ्याला."

"उद्या बघू," यांग म्हणाला. हेच त्याचं चुकलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण रक्तात निथळणारा माणूस इतक्या भरवशाने बघत असताना नाही म्हणायला जीभ लागते, आणि यांगची जीभ आठ महिन्यांपूर्वीच गेली होती.

दुसऱ्या दिवशी कालच्याच जखमांवर तीस पडले. पंधराव्याला तो ओरडला, विसाव्याला आवाज गेला. कोठडीत पालथा पडून तो वाक्य जुळवत राहिला. कारकुनाला वेळ नसणार, तेव्हा आधी श्राद्ध सांगायचं की आधी पोराचं नाव? थोडक्यात सांगावं, पण ताटांचं राहू नये. सहा घरांची नावं घ्यावीत की नकोत? नको, बिचाऱ्यांना उगाच त्रास. यांग पाण्याचं भांडं घेऊन आला तेव्हा तो कारकून समोर बसल्यासारखं हे सगळं बोलत होता.

"काका," यांग खाली बसला. "ऐका माझं. कुणी लिहून घेणार नाही. ती राजाच्या वेळची रीत होती. इथं फटके झाले की प्रकरण संपलं."

"मग मारतात कशाला?"

"मारायचं म्हणून मारतात."

मानबोकला हसू आलं आणि हसताना पाठ फाटल्यासारखी दुखली. "वेडा आहेस. काशालासुद्धा कुणी उगाच मारत नाही, पोरा. बोलतं करायचं असतं म्हणून मारतो."

यांगने भांडं त्याच्या तोंडाशी धरलं.

"तुझ्या आईकडं आलं होतं आमचं ताट," मानबोक हळूच म्हणाला. "तू होतास घरी. नासपती गोड होती का रे?"

"गोड होती," यांग म्हणाला. त्याने डोक्यावरची टोपी काढली, बघितली आणि परत घातली. "ही टोपी आहे म्हणून घरात चार तोंडं जेवतात, काका. मी त्या दिवशी बोललो असतो तर तुमच्या पोराशेजारी उभा असतो."

"बोलू नकोस. मीच बोलणार आहे. फक्त त्या माणसाला घेऊन ये."

तिसऱ्या दिवशी त्याला उचलून फळीवर नेलं आणि उचलूनच परत आणलं. फौजदाराने कागदावर शिक्का मारला आणि जेवायला निघून गेला. यांगने मानबोकला ठाण्याच्या पायरीवर आणून निजवलं.

"झालं काका. जा घरी."

"किती झाले?"

"नव्वद."

मानबोक विचारात पडला. आजोबांना दहात भागलं होतं, पण त्यांचं काम भावाचं होतं, बेटावरून आणायचं. इथे तर फाशी होती. त्याने यांगचा पाय धरला.

"कमी पडले असतील. फाशीचं आहे ना. जाऊन विचार, शंभर चालतील का? दीडशे? मला परत ने आत. मी बांधायला लावत नाही, आपण होऊन निजतो. चल, उचल मला."

"पाय सोडा, काका."

"उचल म्हणतो ना! अजून मारायचं राहिलंय, म्हणून येत नाही तो!"

इतक्यात कीदोंगची आई रस्त्यावरून येताना दिसली. तिच्या पाठीला जिगे होती, ओझं वाहायची लाकडी चौकट. आमच्याकडे बाईने जिगे पाठीला लावायची नसते. बाया डोक्यावर वाहतात, जिगे पुरुषांची. पण नवऱ्याला उचलून न्यायला तिने दहा दारं ठोठावली होती आणि एकही पुरुष बाहेर आला नव्हता, तेव्हा रिकामी जिगे घेऊन तीच आली. बाजार बघत होता. तिला त्याची फिकीर नव्हती, कारण तिच्या हातात एक कागद होता आणि ती जवळजवळ धावत होती.

"आलं!" ती लांबूनच म्हणाली. "सरकारी शिक्का आहे. तीन दिवसांत उत्तर येतं म्हणाला होतात ना? आलं बघा तिसऱ्या दिवशी! कू मास्तर दुकानात नव्हते. यांग, तू वाच बाबा."

मानबोकने यांगचा पाय सोडला. तो कोपरांवर उठून बसायचा प्रयत्न करू लागला. असं उत्तर काही पालथं पडून ऐकायचं नसतं.

यांगने कागद उघडला. मनातल्या मनात वाचला. पुन्हा वाचला.

"मोठ्यानं वाच ना," ती म्हणाली.

"काकू, हे..."

"वाच," मानबोक म्हणाला.

यांगने वाचलं. कैदी प्यो कीदोंग. शिक्षा काल सकाळी अमलात आणली. नातेवाइकांनी उद्या दुपारपर्यंत तुरुंगाच्या मागच्या दारातून प्रेत न्यावं, न नेल्यास सरकार परस्पर पुरून टाकील.

काल सकाळी, म्हणजे बाप इकडे फळीवर होता तेव्हा. मानबोकने विचारलं, "गव्हर्नरचं फर्मान कधीचं आहे?"

यांगने कागद त्याच्यापुढे धरला, जसं काही त्याला वाचता येणार होतं. "दहा तारखेचं, काका. दौऱ्यावर निघायच्या आधीच झालं होतं."

मानबोकने तोंड उघडलं. आठ महिने जपलेलं ते वाक्य अजून तिथेच होतं, आणि आता ते कुणाला सांगायचं राहिलं नव्हतं. त्याने तोंड मिटून घेतलं.

कीदोंगच्या आईने कागद यांगच्या हातातून घेतला, घडी घालून कमरेला खोचला. पाठीवरची जिगे तिने अजून उतरवली नव्हती. तिने पायरीवर पडलेल्या नवऱ्याकडे बघितलं. मग रस्त्याकडे बघितलं. तुरुंग पाच कोसांवर होता.

"माझ्याकडं काय बघतेस?" मानबोक म्हणाला. "नीघ. आता निघालीस तर दिवे लागायच्या आत पोचशील."

"आणि तुम्ही?"

"मी कुठं जातोय. इथंच पडतो. तुला एकटीला उचलेल का पण तो?"

"आठ महिने तुरुंगातलं खात होता," ती म्हणाली. "उरला असेल तेवढा उचलेन."

ती वळली. जिगेचा एक पट्टा खांद्यावरून घसरत होता. मानबोकने तिला जवळ बोलावलं, पडल्यापडल्या हात लांबवून पट्टा आवळला, दोर कसा कुठून घ्यायचा ते बोटाने दाखवलं.

"पाय वर दुमडून बांध त्याचे," तो म्हणाला. "उंच आहे तो. नाहीतर येताना रस्त्याला घासतील."

ती बरं म्हणाली आणि चालायला लागली.